दोघांचा पगार, दोघांचा टीडीएस, तरी जुलैत टॅक्स का निघतो?

"अक्का, पगारातनं सगळं कापून घेतल्यात की! परत कसला टॅक्स?"

जून-जुलैत हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. मी बेळगावच्या शहापुरात इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून देण्याचं काम करते. त्याआधी एका सोसायटीत अकाउंट्स बघत होते, त्यामुळे ठेवींचा आणि व्याजाचा मामला आतून माहीत आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत नवरा-बायको दोघंही कमावणारी जोडपी बरीच असतात. ती हायस्कूलला शिक्षिका, तो उद्यमबागेत सुपरवायझर. नाहीतर ती स्टाफ नर्स आणि तो शिनोळीच्या कारखान्यात. माणसं प्रामाणिक असतात, कुणी काही लपवलेलं नसतं. तरी वीस-पंचवीस हजारांचा, कधी ऐंशी हजारांचा आकडा निघतो. तोही मुलांच्या फीच्या आणि पेरणीच्या दिवसांत. हा आकडा आधीच कसा ओळखायचा आणि शक्य तिथे कसा टाळायचा, ते इथे सांगते. सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ चे आहेत.

मुळातली गोष्ट आधी. आपल्याकडे नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न नसतं. घरखर्च एक असला तरी पॅन दोन असतात आणि हिशेब पॅनवर चालतो. पगार काढणारं ऑफिस फक्त आपण दिलेला पगार बघतं. बँक फक्त आपल्याकडची ठेव बघते आणि व्याज मर्यादेपलीकडे गेलं की सरसकट १० टक्के कापते. पैसे हातात येण्याआधीच कापलेला हा कर म्हणजे टीडीएस. सोसायटी बहुतेक वेळा काहीच कापत नाही. या तिघांची बेरीज वर्षभर कुणीच करत नाही. ती पहिल्यांदा होते रिटर्न भरताना, आणि तोवर मार्च उलटलेला असतो.

नवरा शिनोळीत म्हणजे महाराष्ट्रात आणि बायको बेळगावात कामाला असेल, तर प्रोफेशनल टॅक्स दोन वेगळ्या राज्यांत जातो. इन्कम टॅक्स मात्र केंद्राचा. त्याला चंदगड काय आणि खानापूर काय, नियम एकच.

बारा लाखांची रेषा

"पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्स नाही" हे वाक्य आता सगळ्यांना पाठ आहे. नव्या करपद्धतीत (न्यू रेजीम) ते खरंही आहे, पण फक्त पगार असेल तर. पगारातून ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट वजावट, जाते. उरलेलं एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६० हजारांपर्यंतची रिबेट, म्हणजे करातच माफी, मिळते आणि कर शून्य होतो. एकूण उत्पन्नात व्याज, भाडं, ट्यूशनचे पैसे सगळं आलं.

एक उदाहरण पूर्ण मांडते. शिक्षिका आहेत, वर्षाचा पगार १२,४०,०००. त्यातून ७५ हजार गेले, उरले ११,६५,०००. शाळेच्या ऑफिसनं बरोबर हिशेब केला आणि टीडीएस शून्य ठेवला. बाईंनी स्वतःच्या बचतीची बँकेत ठेव ठेवली आहे, तिचं वर्षाचं व्याज ६२,०००. व्याज ५० हजारांच्या वर गेल्यामुळे बँकेनं १० टक्के, म्हणजे ६,२०० कापले. बाईंची समजूत अशी की व्याजावरचा टॅक्स झाला.

आता बेरीज करा. ११,६५,००० अधिक ६२,००० म्हणजे १२,२७,०००. रेषा ओलांडली, रिबेट गेली. स्लॅबनं, म्हणजे उत्पन्नाच्या टप्प्यांप्रमाणे वाढत जाणाऱ्या दरानं, कर येतो ६४,०५०. इथे कायद्यानं थोडी दया दाखवली आहे, तिला मार्जिनल रिलीफ म्हणतात. १२ लाखांच्या वर जितकी रक्कम गेली, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही. म्हणून कर २७,०००, त्यावर ४ टक्के सेस १,०८०. एकूण २८,०८०. बँकेनं कापलेले ६,२०० वजा केले तरी २१,८८० भरायचे उरतात. व्याज हातात आलं ६२ हजार आणि त्यातले २८ हजार गेले. ही रिलीफ साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंतच उपयोगी पडते, पुढे स्लॅबनं येईल तो कर.

त्यात आणखी एक भर. टीडीएस वजा जाता १० हजार किंवा जास्त कर निघत असेल, तर तो वर्ष चालू असतानाच चार हप्त्यांत भरायचा असतो: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. नाही भरला तर महिन्याला १ टक्का दरानं दोन प्रकारचं व्याज लागतं. या बाईंनी जुलैत पैसे भरले तर अजून दोन हजारांच्या आसपास जातील. साठी ओलांडलेल्या आणि धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या माणसांना या हप्त्यांतून सूट आहे. घरातल्या सासू-सासऱ्यांच्या रिटर्नला हे लक्षात ठेवा.

शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून झालेला नफा वेगळा धरायचा. त्याला स्वतःचे दर आहेत आणि नव्या पद्धतीतली रिबेट त्या कराला लागू होत नाही. मोबाईलवर शेअर घेणारी तरुण मुलं इथे हमखास अडकतात.

सोसायटी, पिग्मी आणि दामदुप्पट

आपल्या भागात बँकेइतकाच पैसा सोसायट्यांत आणि सौहार्दांत (कर्नाटकातल्या सहकारी संस्थांत) असतो. पिग्मीवाला रोज दारात येतो, वर्षाअखेर त्याची ठेव होते. कायद्यानुसार सोसायटीनं सभासदाला दिलेल्या व्याजावर टीडीएस कापायची सक्ती फक्त मोठ्या सोसायट्यांना आहे, ज्यांची वर्षाची उलाढाल ५० कोटींच्या वर आहे. बाकीच्या कापत नाहीत. टीडीएस नाही म्हणजे टॅक्स नाही, असा समज इथून पसरतो आणि तो साफ चुकीचा आहे. कापलं नाही याचा अर्थ एवढाच की पूर्ण रक्कम तुम्ही स्वतः भरायची आहे.

सगळ्यात जास्त दणका देते ती दामदुप्पट. सोसायटीच्या पावतीवर आज ठेवलेली रक्कम आणि मुदत संपल्यावर मिळणारी रक्कम, एवढंच छापलेलं असतं. मधल्या वर्षांत व्याजाची एकही ओळ पासबुकात दिसत नाही. मग चार लाखांचे आठ लाख होतात त्या वर्षी चार लाखांचं व्याज एकदम उत्पन्नात येऊन पडतं. पगार दहा लाखांचा असला तरी त्या वर्षी माणूस बारा लाखांच्या पार जातो. माझा सल्ला असा: दामदुप्पट ठेवताना पहिल्याच वर्षापासून जमा होणारं व्याज दरवर्षी रिटर्नमध्ये दाखवा. सोसायटीकडून मार्चअखेर 'या वर्षाचं व्याज इतकं' असं लेखी घ्या. मागितलं की देतात. एकदा ही रीत धरली की ती ठेव संपेपर्यंत तीच ठेवायची, मध्येच बदलायची नाही.

आणि बँकेच्या काउंटरवर "सही करा, टीडीएस कापणार नाही" म्हणून २०२५-२६ मध्ये पुढे यायचा तो १५जी फॉर्म. ज्याच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नावर कर शून्य येतो, त्यानंच तो द्यायचा. पगार मोठा असून ही सही केली, तर टॅक्स वाचत नाही आणि खोटं निवेदन मात्र आपल्या नावावर राहतं.

ऊस करमुक्त आहे, तरीही

चिकोडी, हुक्केरी, अथणी, रायबाग या पट्ट्यातल्या नोकरदारांनी हे नीट वाचावं, कारण हा नियम फार थोड्यांना माहीत असतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, यात शंका नाही. पण नोकरीचं उत्पन्न मूळ सूट मर्यादेच्या (नव्या पद्धतीत ४ लाख) वर असेल आणि शेतीचं निव्वळ उत्पन्न ५ हजारांच्या वर असेल, तर स्लॅब ठरवताना शेतीचं उत्पन्न मोजलं जातं. उसावर कर लागत नाही, पण उसामुळे पगार वरच्या स्लॅबमध्ये सरकतो.

समजा पगार, स्टँडर्ड डिडक्शन जाऊन, १० लाख. ऊस नसता तर कर ४० हजार, रिबेट ४० हजार, हातचं काही जात नाही. आता त्याच माणसाच्या नावावर उसाचं निव्वळ ४ लाख आहे. दोन्ही मिळून १४ लाखांवरचा कर ९० हजार. मग शेतीचे ४ लाख आणि मूळ सूट ४ लाख, अशा ८ लाखांवरचा कर २० हजार. ९० हजारांतून २० हजार गेले, ७० हजार राहिले. एकूण उत्पन्न कायद्याच्या दृष्टीनं १० लाखच आहे, म्हणून रिबेट मिळते, पण ती ६० हजारांच्या वर जात नाही. उरले १० हजार, सेससह १०,४००. ऑफिसनं टीडीएस शून्य ठेवलेला असतो, कारण ऑफिसला तुमच्या उसाची माहितीच नसते.

निव्वळ या शब्दाकडे लक्ष द्या. कारखान्याच्या बिलावर टनेज आणि दर असतो, त्याखाली कपाती असतात. खात्यावर जमा झालेला आकडा हे तुमचं उत्पन्न नव्हे. लागवड, बियाणं, खत, भांगलण, पाण्याचा खर्च, तोडणी-वाहतूक तुमच्याकडून गेली असेल तर ती, हे सगळं वजा करून राहील ते निव्वळ. त्याचबरोबर बिलातून पीककर्जाच्या मुद्दलाची कपात झाली असेल तर तो खर्च धरता येत नाही. कर्जफेड आणि खर्च या दोन गोष्टी वेगळ्या. खताच्या दुकानाच्या पावत्या एका पिशवीत टाकत चला, एवढं केलं तरी पुष्कळ.

आणखी एक. उतारा सासऱ्यांच्या नावावर, कारखान्याची सभासदकी नवऱ्याच्या नावावर आणि पैसे सुनेच्या खात्यावर, असली गुंतागुंत घरोघरी असते. जमीन कुणाची, कसतं कोण, खर्च कुणाचा, हे घरात बसून एकदा कागदावर स्पष्ट करा. ज्याचं उत्पन्न त्याच्याच रिटर्नमध्ये यायला हवं. शेतीचं उत्पन्न ५ हजारांच्या वर असेल तर रिटर्नचा साधा फॉर्म, आयटीआर-१, चालत नाही, नोकरदाराला आयटीआर-२ घ्यावा लागतो. ५ लाखांच्या वर असेल तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, स्वतःची की खंडाची, बागायत की जिरायत, एवढं भरावं लागतं. आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) हाताशी ठेवूनच बसा.

बायकोच्या नावावर ठेव

नवऱ्याला कर जास्त लागतो, बायकोचा पगार कमी आहे, म्हणून नवऱ्यानं आपले ८ लाख तिच्या नावावर ठेवले. ७ टक्क्यांनी ५६ हजार व्याज आलं. दोघांना वाटतं, टॅक्स वाचला. बायकोला दिलेल्या पैशांवर भेट म्हणून कर नाही, हे बरोबर. पण त्या पैशांवरचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. बायकोनं नवऱ्याच्या नावावर ठेवलं तरी नियम तोच. त्या व्याजाची पुन्हा ठेव केली तर तिचं व्याज मात्र ज्याच्या नावावर आहे त्याचं.

यातून सरळ वाट आहे आणि ती मी सगळ्यांना सांगते. ज्याला कर जास्त बसतो त्याच्या पगारातून घरखर्च, फी, किराणा, ईएमआय चालवा. ज्याला कमी बसतो त्याच्या पगारातून ठेवी करा. ज्याची कमाई, त्याच्याच पगाराच्या खात्यातून, त्याच्याच नावावर. मग कुणी विचारलं तर पासबुकच उत्तर देतं.

जॉइंट ठेवीत बँक व्याज पहिल्या नावावर टाकते. पैसे नवऱ्याचे आणि पहिलं नाव बायकोचं असेल, तर तिच्या एआयएसमध्ये (पॅनवर नोंदलेल्या उत्पन्नाचा आयकर खात्याकडचा तक्ता) ते दिसतं आणि ती विनाकारण रेषेच्या जवळ ढकलली जाते. अशा वेळी हे व्याज कुणाच्या उत्पन्नात धरायचं, याचं निवेदन बँकेला लेखी देता येतं, म्हणजे टीडीएसही त्याच पॅनवर जमा होतो. ठेव करतानाच नावांचा क्रम बघून घेतलात तर एवढी धावपळ लागत नाही.

अज्ञान मुलांच्या नावावरच्या ठेवींचं व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्यात जातं. बारशाला आणि वाढदिवसाला आलेल्या पैशांची आजी-आजोबांनी ठेव केली असेल तरीही.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली तर

पुण्यातली नोकरी सोडून बेळगावला परत येणारी मुलं-मुली आता बरीच आहेत. एप्रिल ते ऑगस्ट पुण्यात ७ लाख, सप्टेंबर ते मार्च इथे ७ लाख. पुण्याच्या कंपनीनं शेवटचा हिशेब करताना ७ लाख बघितले, कर शून्य. इथल्या कंपनीनं आपले ७ लाख बघितले, कर शून्य. दोघांनीही ७५ हजारांची सूट धरली. खरं एकूण १४ लाख, त्यातून ७५ हजार एकदाच, म्हणजे १३,२५,०००. कर ७८,७५०, सेससह ८१,९००. पूर्ण रक्कम जुलैत.

उपाय सोपा आहे. नव्या ठिकाणी रुजू होताना पहिल्या नोकरीतला पगार आणि कापलेला कर लेखी कळवायचा. मग नवी कंपनी दोन्ही धरून दर महिन्याला कापते. व्याजाचं आणि भाड्याचं उत्पन्नही असंच ऑफिसला कळवता येतं, त्यामुळे हप्त्यांच्या तारखा सांभाळाव्या लागत नाहीत. ऑफिसात आपल्या ठेवी कळतील म्हणून लोक संकोचतात. ते मी समजू शकते. तसं असेल तर मग १५ मार्चची तारीख स्वतः सांभाळा.

घर, कर्ज आणि भाडं

जुन्या पद्धतीत राहिलेल्यांसाठी थोडं. घराच्या कर्जाच्या व्याजाची २ लाखांपर्यंतची सूट दोघांना वेगवेगळी मिळते, पण दोघंही घराचे मालक आणि दोघंही कर्जदार असले तरच. खरेदीखत फक्त बायकोच्या नावावर आणि ईएमआय नवऱ्याच्या खात्यातून, अशा घरात नवऱ्याला ही सूट नाही. त्यानं ऑफिसला दाखवून टीडीएस कमी करून घेतला असेल, तर तो कर पुढे भरावाच लागतो. एकाच घरभाड्याची पूर्ण पावती दोघांनी आपापल्या ऑफिसला दिली असेल तर तेच. नव्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची सूट नाहीच.

वरचा मजला व्हीटीयू विद्यापीठाच्या मुलांना दिलाय, तर ते भाडं मालकाचं उत्पन्न. घरपट्टी आणि त्यानंतर ३० टक्के वजा जाऊन राहील ते धरायचं. दोघं मालक असाल तर हिश्श्याप्रमाणे वाटून.

आता बसा आणि हे करा

दोन कोरे कागद घ्या, एकावर तुमचं नाव, दुसऱ्यावर जोडीदाराचं. दोघांनी आपापल्या पॅननं आयकराच्या पोर्टलवर जाऊन एआयएस आणि २६एएस (कापलेल्या व भरलेल्या कराचा तक्ता) उतरवून घ्या. ऑफिसकडून पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, म्हणजे 'फॉर्म १६', जूनच्या मध्यापर्यंत मिळतो. एआयएसमध्ये जे दिसतं ते सगळं कागदावर उतरवा, मग पासबुकं काढा: बँक, सोसायटी, पोस्ट. एआयएसमध्ये नसलेलं व्याजही लिहा. ऊस, भात, तंबाखू जे असेल ते वेगळ्या ओळीत. मग प्रत्येक ओळीसमोर 'हे पैसे मुळात कुणाचे' ते लिहा आणि गरज असेल तिथे ओळ एका कागदावरून दुसऱ्यावर न्या. हे काम दोघांनी मिळूनच करायचं. एकट्या नवऱ्यानं केलं की बायकोची पिग्मी राहते, एकट्या बायकोनं केलं की त्याचे शेअर राहतात.

बेरीज झाली की पोर्टलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये जुनी आणि नवी, दोन्ही पद्धती घालून बघा. नवऱ्यानं जुनी आणि बायकोनं नवी घेतली तरी चालतं. धंद्याचं उत्पन्न नसेल तर दरवर्षी निवड बदलता येते, मात्र जुनी हवी असेल तर रिटर्न ३१ जुलैच्या आत गेलं पाहिजे.

पैसे भरताना वर्ष नीट निवडा. २०२५-२६ च्या उत्पन्नाचं असेसमेंट वर्ष, म्हणजे त्याची करआकारणी होते ते वर्ष, २०२६-२७ आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे आणि त्यात 'टॅक्स वर्ष २०२६-२७' म्हणजे एप्रिल २०२६ ते मार्च २०२७. आकडे सारखेच, वर्षं वेगळी. चुकीच्या वर्षात भरलेले पैसे दुरुस्त करून आणायला फार वेळ जातो. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा, नाहीतर ते वेळेत भरलेलं धरत नाहीत.

पुढच्या वर्षापासून हेच दोन कागद फेब्रुवारीत करा. तेव्हा निघालेला कर १५ मार्चपर्यंत भरला तर व्याज बरंच वाचतं, आणि नव्या ठेवीची नावं ठरवायलाही वेळ असतो.

मागच्या वर्षांचं व्याज किंवा ऊस दाखवायचा राहिला असेल तर अपडेटेड रिटर्न भरता येतं. असेसमेंट वर्ष संपल्यापासून पहिल्या बारा महिन्यांत भरलं तर कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, पुढच्या बारा महिन्यांत ५० टक्के, आणि त्यानंतर आणखी वाढत जातं. नोटीस यायची वाट बघू नका. जुनी पासबुकं शोधायला लागा, आणि सोसायटीकडून त्या-त्या वर्षाचा व्याजाचा दाखला आजच मागा.